आधी पी दाबून बघा

जुलै महिन्यातली सकाळ होती. मी नोंदवही उघडली आणि चुकून पी दाबलं, तर पडद्यावर एक ओळ उमटली. रोमन अक्षरांत, पण मराठी : "दोडका आवडत नाही. तरी डबा पुरा खाल्ला."

मी आधी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. तानूबाई बाहेर पायऱ्या झाडत होती आणि मुजावर साहेबांची छत्री अजून फाटकातच होती.

डब्यात आदल्या दिवशी दोडका होता, हे खरं. डबा माझाच होता.

आमचं भूकंपमापन केंद्र घाटमाथ्यावर, पाटणहून एस.टी.नं दीड तासावर. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि जमिनीखाली पुरलेली यंत्रं. त्या भागात जमीन सारखी थोडीथोडी हलते. बहुतेक वेळा माणसाला कळतही नाही, यंत्राला कळतं. यंत्रानं सांगितलेलं आम्ही लिहून ठेवायचं, एवढंच आमचं काम. सकाळी सात ते दोन मी, म्हणजे वैजयंता शेवाळे, मूळची कऱ्हाडची, तेव्हा वय सत्तावीस. दोन ते नऊ सुबोध भोयर, वर्ध्याकडचे, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. रात्री यंत्र एकटंच जागायचं. आमच्या दोघांवर प्रमुख म्हणून मुजावर साहेब आणि आम्हा तिघांवर तानूबाई.

नोंदवही म्हणायचं, पण ती कागदाची नव्हती. एक जुना संगणक होता, काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउस नाहीच. चालू केला की मख्खासारखा एक चौकोन लुकलुकत बसायचा. व्हीआय असं टाइप करून पुढं फाइलचं नाव द्यायचं, की नोंदवही उघडायची. आणि उघडली तरी लिहू द्यायची नाही. आधी आय दाबा, मग लिहा. लिहून झालं की एस्केप दाबा, मग हुकूम द्या. पहिल्या आठवड्यात मी हे विसरून थेट लिहायला लागले आणि माझ्या अर्ध्या अक्षरांना हुकूम समजून त्या बयेनं चार दिवसांच्या नोंदी गिळल्या. मी रडायच्या बेतात होते. भोयरांनी मागून हात लांबवून एकदा यू दाबलं, आणि सगळं परत आलं.

"काहून घाबरता मॅडम? हिला आधी सांगा लागते, हुकूम देऊन राहिलो का लिहून राहिलो. मग ही गरीब आहे."

ते स्वतः बारा पानांच्या झेरॉक्सवरून शिकले होते. त्यातली दोन पानं हरवलेली होती. पण उरलेल्या दहा पानांवर त्यांची बोटं अशी फिरायची की मी आपली बघत राहायचे. वाय वाय दाबलं की एका ओळीची नक्कल उचलली जाते. डी डी दाबलं की ओळ पुसली जाते, पण जाते कुठं तर संगणकाच्या हातात. मग पी दाबलं की हातात शेवटचं जे असेल ते समोर ठेवलं जातं. एका वेळी हातात एकच, अशी आमची समजूत होती. आम्हा दोघांचं लॉगिन एकच होतं, त्यामुळं सकाळी मी बसायचे तेव्हा संगणकाच्या हातात काल रात्री भोयरांनी शेवटचं उचललेलं किंवा पुसलेलं तसंच असायचं.

म्हणजे दोडक्याची ती ओळ त्यांनी लिहिली होती आणि मग लाजून पुसली होती. पुसलेलं मला सापडेल हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

डब्याचं असं की भोयर क्वार्टरमध्ये एकटे राहायचे आणि भाताशिवाय त्यांना काही येत नव्हतं. निघताना मी डब्याचा एक कप्पा टेबलाखालच्या फळीवर ठेवून जायचे. याबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. बोलणार कधी? दोनला ते यायचे, मी उठायचे, आणि ती पाच मिनिटं साहेब टेबलाशी चहा घेऊन बसलेले. वर मी ज्यांच्याकडं भाड्यानं राहत होते त्या बाई म्हणजे तानूबाईच्या चुलत जाऊ. मी शिंकले तरी संध्याकाळपर्यंत घरी काढा तयार असायचा.

त्या दिवशी मी सगळ्या नोंदी संपवल्या, शेवटी एक ओळ लिहिली, "उद्या वांगं," आणि डी डी दाबून पुसली. दोनला भोयर आले. साहेब बशीत चहा ओतत होते.

"भोयर," मी म्हटलं, "फाइल उघडल्यावर आधी पी दाबून बघा."

साहेबांनी मान वर केली. "का? काही बिघडलंय का?"

"नाही सर. तपासणी."

"बरं बरं. तपासणी रोज करावी," साहेब म्हणाले.

आणि आम्ही ती रोज करू लागलो. लिहायचं, पुसायचं. दुसऱ्यानं पी दाबून वाचायचं, यू दाबून पुन्हा नाहीसं करायचं. नोंदवहीत काही उरत नव्हतं. नियम एकच होता : आपली ओळ अगदी शेवटी, उठायच्या आधी. कारण त्यानंतर काही उचललं किंवा पुसलं तर ती हातातून गेली.

काय लिहायचो? आज कोणाला दाखवलं तर हसेल. "व्हरांड्यात साप होता, तानूबाईंनी त्याला नावानं हाक मारली." "तुमच्याकडं थंडीत काय करतात?" "तुमच्या गळ्यातला मफलर कोणी विणला?" "आईनं." "बरं झालं." हे 'बरं झालं' लिहून मी पुसलं आणि घरी जाईपर्यंत माझे कान गरम होते. एका दिवशी एक ओळ, फार तर दोन. सकाळी सातला खुर्चीत बसून पी दाबेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. पुढं आयुष्यात मला पत्रं आली, तारा आल्या, फोन आले, पण तसं काही पुन्हा आलं नाही.

एक गंमत सांगायची राहिली, ती सांगायलाच हवी. मुजावर साहेबांना संगणकाची भीती वाटायची. पण त्यांची एक शिस्त होती. कागदी नोंदवहीच्या काळापासून त्यांचा दंडक असा, की उठणाऱ्यानं पुढच्यासाठी एक कोरी ओळ आखून ठेवायची. हलली जमीन की माणसानं पट्टी शोधत बसू नये. संगणकावर आम्ही तेच करायचो. फाइलच्या डोक्याशी कोरा नमुना होता : तारीख, वेळ, किती सेकंद, शेरा. तो वाय वायनं उचलायचा, तळाशी जाऊन पीनं ठेवायचा. साहेब म्हणाले, एवढं तरी मला शिकवा. मी शिकवलं. चार दिवस लागले. पण त्यांचा पीवर विश्वास बसेना. एकदा दाबून पडद्याकडं संशयानं बघायचे आणि पुन्हा दाबायचे. त्यामुळं साहेबांनी ठेवलेल्या ओळी नेहमी दोन असायच्या.

"असू द्या शेवाळे," ते म्हणायचे, "एक जास्तीची. जमिनीचा काय भरवसा?"

सप्टेंबर संपत आला तेव्हाची गोष्ट. गुरुवारी सकाळी मी पी दाबलं आणि लांब ओळ आली. तीन वेळा वाचली.

"शिलाँगकडच्या केंद्रावर बदली विचारली आहे. हो की नाही, शुक्रवारी पाचच्या आत कळवायचं आहे. तुम्ही थांबा म्हणालात तर नाही कळवतो आणि तुमच्या घरी येतो. काही लिहिलं नाही तर मी समजेन. तोंडी विचारायची हिंमत नाही जी."

मी यू दाबून ती ओळ नाहीशी केली. पुन्हा पी दाबून परत आणली. असं किती वेळा केलं, मोजलं नाही.

त्याच आठवड्यात दादाचं पत्र आलं होतं. इस्लामपूरचं स्थळ बघायला शनिवारी येणार, शुक्रवारच्या एस.टी.नं निघ. दादा मायेचा, पण त्याच्यापुढं मी कधी तोंड वर करून बोलले नव्हते. परजिल्ह्यातला, दुसऱ्या जातीचा, ओळखीचा ना पाळखीचा माणूस मला हवाय असं त्याला सांगायचं? गुरुवारी माझ्याच्यानं काही लिहवलं नाही. भोयर दोनला आले, माझ्याकडं न बघता मफलर खुंटीला अडकवला. मी त्यांच्याकडं न बघता बाहेर पडले. डब्यात त्या दिवशी काय ठेवलं होतं तेही आठवत नाही.

रात्रभर विचार केला असं म्हणणार नाही, कारण विचार करण्यासारखं काही नव्हतं. मला काय हवंय ते मला जुलैपासून ठाऊक होतं. फक्त धीर गोळा करायचा होता. शुक्रवारी सकाळी तो झाला.

दीडपर्यंत सगळ्या नोंदी संपवल्या. कोरी ओळ आखली. मग शेवटी लिहिलं : "थांबा. दादाला मी सांगते. दिवाळीआधी घरी या." वाचून पाहिलं. एकही अक्षर चुकलं नव्हतं. डी डी.

आणि जमीन हलली.

फार नाही. खिडकीची तावदानं वाजली, टेबलाच्या कडेला ठेवलेला माझा चहाचा कप सरकत सरकत गेला आणि खाली पडला. दांडी वेगळी, कप वेगळा.

"बाय गं!" तानूबाई दारात आली. "धरणीमाय कूस बदलाय लागली. तुजा कप गेला बघ. लागलं न्हाय न्हवं?"

"नाही. राहू दे, मी नंतर उचलते."

वेळ पाहिली. एक एकेचाळीस. इतकी गडबड, पण माझं डोकं ठिकाणावर होतं, याचा मला त्या क्षणीही अभिमान वाटला. नवी ओळ उचलायची नाही. उचलली तर माझं उत्तर जाईल. आखून ठेवलेली कोरी ओळ होतीच, तीच भरली. वेळ, सेकंद, शेरा. एस्केप. जतन. हातातलं हातात राहिलं.

मग फोन वाजला. धरणाच्या कार्यालयातून. त्यांना आकडे हवे होते, आणि ते लिहून घेणाऱ्या गृहस्थांना एकदा सांगितलेलं ऐकू येत नव्हतं. फोन व्हरांड्यात होता. मी ओरडून ओरडून सांगत होते. आतून साहेबांचा आवाज आला, "शेवाळे, तुमची एस.टी. दोन वीसची ना? तुम्ही फोन आटपा, इथलं मी बघतो." मी मान हलवली. भोयर पायऱ्या चढून आले. मी रिसिव्हरवर हात ठेवला.

"भोयर, फाइल उघडल्यावर आधी..."

"पी दाबून पाहतो," ते म्हणाले. हसले नाहीत. त्यांचा चेहरा पार उतरला होता. मी मात्र हसले. त्यांना कळावं म्हणून हसले.

फोन संपला तेव्हा दोन दहा झाले होते. पिशवी उचलून फाटकाकडं धावले. फाटकातून खिडकी दिसते. मला राहवलं नाही, वळले. भोयर पाठमोरे बसलेले. उजवा हात वर गेला, एक बोट खाली आलं. मग ते तसेच बसून राहिले. बराच वेळ हलले नाहीत. मला वाटलं, माणूस आनंदानं असा थिजतो. मी एस.टी.त चढले तेव्हा माझे डोळे भरून आले होते आणि मी वेड्यासारखी हसत होते. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "लेकी, माहेरी चाललीस व्हय?" मी हो म्हटलं.

शनिवारी इस्लामपूरची मंडळी आली आणि पोहे खाऊन गेली. ती गेल्यावर मी दादाला सांगितलं. मला वाटलं होतं ओरडेल. त्यानं पोह्यांच्या रिकाम्या बशा एकात एक रचल्या. मग म्हणाला, "वर्धा लांब आहे गं." आणि थोड्या वेळानं, "येऊ दे त्याला. बघू." मी स्वयंपाकघरात जाऊन वहिनीच्या गळ्यात पडले.

सोमवारी पहिल्या गाडीनं केंद्रावर पोचले. टेबलावर जुना संगणक नव्हता. तिथं एक नवाकोरा, पांढराशुभ्र, शेपटीला माउस लावलेला बसला होता. नवी यंत्रं येणार, येणार असं सहा महिने ऐकत होतो, त्यामुळं ती खरंच येतील असं कोणाला वाटलं नव्हतं. पुण्याची गाडी शनिवारी सकाळी येऊन सगळं बदलून गेली होती. जुनं खोक्यात घालून कोठीत.

नव्या टेबलावर माझा कप ठेवलेला होता. दांडी चिकटवलेली. कडेनं गोंदाची पिवळट रेघ दिसत होती. साहेबांनी केलं असावं, असं वाटलं. त्यांना असली कामं आवडायची.

"भोयरांची पाळी दोनलाच आहे ना, सर?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

साहेबांनी चष्मा काढला. "भोयर गेले, शेवाळे. तुम्हाला बोलले नाहीत? शिलाँगचा हुकूम घेतला त्यांनी. शनिवारी त्याच गाडीनं पुण्याला गेले, तिथून घरी, मग पुढं."

"घेतला?"

"शुक्रवारी साडेचारला स्वतः फॅक्स केला. मी म्हटलं, अजून अर्धा तास आहे, विचार करा. म्हणाले, झाला सर विचार."

तानूबाई चहा घेऊन आली, माझ्याकडं पाहिलं आणि चहा ठेवून दार ओढून घेऊन गेली. तिला कसं कळलं, कोण जाणे.

मी थांबा म्हटलं होतं. स्पष्ट, अक्षर न चुकता म्हटलं होतं. माणसानं ते वाचलं, बराच वेळ विचार केला, आणि गेला. यात मला विचारण्यासारखं काय उरलं होतं? त्यांचा नवा पत्ता केंद्रावर होता. साहेबांच्या वहीत, तिसऱ्या पानावर. मी ते पान कितीदा उघडलं आणि मिटलं. पत्र लिहायला बसले की एकच वाक्य सुचायचं, "का?", आणि ते विचारण्याइतकी मी गयावया करणारी नव्हते. अभिमान म्हणा, ताठा म्हणा. त्यांनीही मला कधी ओळ पाठवली नाही. मी मनाशी म्हटलं, कुठल्या तोंडानं पाठवतील?

दादानं एकदाच विचारलं. मी म्हटलं, "तो येणार नाही." इस्लामपूरवाले अजून थांबले होते.

संसार चांगला झाला. हे सांगायला हवं, नाहीतर ऐकणाऱ्याला उगीच वाटतं. नवरा भला माणूस, थोडा अबोल. मुलगी झाली, मोठी झाली. दोन वर्षांनी माझी पुण्याला बदली झाली तेव्हा तो कप मी केंद्रावरच टाकून आले. दांडी पुन्हा निखळली होती. खात्याच्या परिपत्रकांत अधूनमधून एस. भोयर असं नाव दिसायचं. मग दिसेनासं झालं. सोडून गेले की आणखी काही, मी चौकशी केली नाही. पण दोडका घरी केला की मी पहिला घास जरा थांबून घ्यायचे. कोणाच्या लक्षात आलं नाही.

अठरा वर्षांनी ते केंद्र बंद झालं. तिथलं सामान पुण्याला आमच्या कार्यालयात आलं. भंगारात काढण्याआधी प्रत्येक संगणकात काय आहे ते पाहून यादी करायची, मग डिस्कला भोक पाडायचं, असा हुकूम. जुनं यंत्र चालवता येणारी कार्यालयात मी एकटीच उरले होते. चौथं खोकं उघडलं आणि मी ते ओळखलं. कळफलकावर पीचं अक्षर झिजून पुसट झालेलं होतं.

वायर लावली. दोनदा नुसताच घरघरला. तिसऱ्यांदा काळा पडदा उजळला आणि तो मख्ख चौकोन लुकलुकायला लागला.

बोटांना सगळं आठवत होतं. नोंदवही उघडली, तळाशी गेले. शेवटची नोंद माझी. शुक्रवार, एक एकेचाळीस, चार सेकंद, शेऱ्यात "तावदाने वाजली". आणि तिच्या खाली कोऱ्या ओळी.

दोन. एकीखाली एक.

मी त्या दोन ओळींकडं बघत राहिले. मी त्या ठेवल्या नव्हत्या. भोयर कधीच दोन ठेवत नसत. मी फोनवर ओरडत होते, माझी गाडी चुकू नये म्हणून एक भला माणूस खुर्चीत बसला, पाहिलं की आखलेली ओळ भरून गेली आहे, आणि मी शिकवलं होतं तसं त्यानं वाय वाय दाबलं. मग पी. मग विश्वास बसेना म्हणून पुन्हा पी.

मुजावर साहेब जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्यांचा मला राग आला नाही. कोणाचा यायला हवा होता, तेही कळेना.

पुण्याला आल्यावर मी एक गोष्ट शिकले होते, त्या हरवलेल्या दोन पानांतली असावी. संगणकाच्या हातात एकच ओळ नसते. पुसलेल्या शेवटच्या नऊ गोष्टी तो ओळीनं धरून ठेवतो, क्रमांक देऊन, एका लपवलेल्या फाइलीत. पुसलेलं निराळं आणि नुसतं उचललेलं निराळं. भोयरांनी पीच्या आधी अवतरणचिन्ह आणि एक आकडा दाबला असता तर माझं उत्तर तिथंच होतं.

ती फाइल उघडली. सगळ्यांत वर, उचललेलं म्हणून, कोरा नमुना. तारीख, वेळ, किती सेकंद, शेरा. त्यापुढं काही नाही. हेच त्यांना मिळालं होतं. खाली पुसलेल्या ओळी, नव्यापासून जुन्याकडं. दोन क्रमांकावर माझी : "थांबा. दादाला मी सांगते. दिवाळीआधी घरी या." तीनवर त्यांची शिलाँगची. चारवर माझं काहीतरी सापाबद्दल.

आणि एक क्रमांकावर एक ओळ होती, जी मी कधी वाचली नव्हती. शुक्रवारी, फॅक्स करून आल्यावर, उठण्याआधी त्यांनी ती नियमाप्रमाणे लिहिली होती आणि नियमाप्रमाणे पुसली होती. सोमवारी सकाळी सातला मी पी दाबेन म्हणून.

"कोरी ओळ मिळाली. समजलो, राग नाही. कपाची दांडी चिकटवली आहे, मंगळवारपर्यंत पाणी लावू नका. दोडका मला आता आवडतो."

मी टेबलावर डोकं टेकलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, धूळ फार आहे.

त्या कपाला मी सोमवारीच पाणी लावलं होतं की नाही, हे मी आठवत बसले. आठवेना.

डिस्कला भोक पाडणारा माणूस चारला येणार होता. पावणेचार झाले होते. मी नोंदवही पुन्हा उघडली, तळाशी गेले, त्या दोन कोऱ्या ओळींच्या खाली. आय दाबलं. लिहिलं : "भोयर, ती ओळ माझी नव्हती. मी थांबा म्हटलं होतं."

एस्केप. डी डी.

पडदा पुन्हा होता तसा झाला. फाइल बंद केली, आणि त्यानंतर काहीही न उचलता, काहीही न पुसता, चार वाजेपर्यंत दोन्ही हात मांडीवर घेऊन बसून राहिले.